पोलो टी-शर्टचं पिके कापड कसं पारखावं

गोव्यात कॉलरवाला टी-शर्ट सगळ्यांनाच लागतो. चवथीला मंडळाला, मोसम सुरू झाला की फुटबॉल क्लबला, पर्यटकांची गर्दी व्हायच्या आधी हॉटेलांना. बैठकीत रंगावर तासभर वाद होतो आणि कापडाबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, 'किती जीएसएमचं?' जीएसएम जास्त म्हणजे कापड चांगलं, हा सल्ला ज्याने पसरवला त्याने टी-शर्ट धुऊन कधी बघितला नसावा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, बस्स. ते कापड तिसऱ्या धुलाईनंतर कसं दिसेल, हे त्या आकड्यात नसतं.

आधी कापड उलटून बघा

पोलो टी-शर्टच्या या कापडाला दुकानात कुणी पिके म्हणेल, कुणी मॅटी, कुणी हनीकोम. नावावर जाऊ नका, विणीवर जा. साध्या गोल गळ्याच्या टी-शर्टात मशीनची प्रत्येक सुई नवा फास घेते आणि जुना सोडते. पिकेमध्ये काही सुया ठरावीक जागी जुना फास सोडतच नाहीत. त्याच्यावरच नवा धागा घेतात आणि पुढच्या फेरीत दोन्ही एकदम सोडतात. याला टक म्हणतात. टक पडतो तिथे कापड जाड होतं, शेजारचे फास बाजूला ढकलले जातात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी उमटते.

ही नक्षी मशीनवरच्या मागच्या बाजूला उठून दिसते आणि आपण तीच बाहेर ठेवून घालतो. म्हणून कापड उलटलं की आत उभ्या ओळींत इंग्रजी व्ही अक्षरासारखे फास दिसतात. भिंगातून बघितलं तर लगेच कळतं. या ओळी नीट ओळखा. कापडाची लांबी त्यांच्याच दिशेने मोजायची असते, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

हे खोलगट-उंच कापड अंगाला सगळीकडून चिकटत नाही, मधून हवा खेळते. रेने लाकोस्त हा फ्रेंच टेनिसपटू लांब बाह्यांच्या ताठ शर्टाला कंटाळून हेच कापड घालायला लागला आणि १९३३ साली आंद्रे जिलिए या होजिअरी कारखानदारासोबत त्याने त्याचा धंदाच उभा केला. मे महिन्यात फोंड्याच्या बसस्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला त्याचं कारण वेगळं सांगायला नको.

धागा आणि वजन

कडेचा एक धागा काढून जाळा. कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख आली तर कॉटन. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही झालं तर मिश्रण. निवडणुकीत फुकट वाटतात ते टी-शर्ट बहुतेक मणी होणारे असतात. उन्हात काम करणाऱ्यांना ते घालायला लावू नका.

वजनासाठी १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि आलेल्या ग्रॅमना शंभराने गुणा. २.२ ग्रॅम म्हणजे २२० जीएसएम. भर पावसाळ्यात कॉटन हवेतली ओल पिऊन थोडं जड भरतं, तेव्हा पाच-सहा जीएसएमसाठी भांडत बसू नका. होजिअरी कापड किलोवर विकलं जातं हे मात्र विसरू नका. एका किलोत २२० जीएसएमचं साडेचार चौरस मीटर मिळतं, १८० चं साडेपाच. टी-शर्टमागे भाव ठरवला आणि जीएसएम लिहून घेतला नाही, तर कुठलं कापड येणार ते तुम्हीच ओळखा. आपल्याकडे २०० ते २२० पुरे. २४० च्या वरचं जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास यायला लागतो.

धुऊन मोजणं

इथे लोक घाई करतात. मलाही ही पायरी बराच काळ नीट जमत नव्हती, कारण सगळे सांगतात तशी ती केली तर आकडा खोटाच येतो.

आधी कापड का आकसतं ते समजून घ्या. कॉटनचा तंतू स्वतः फारसा आखूड होत नाही, फास आपल्या मूळ आकाराला परत येतात. रंगवताना, पिळताना, वाळवताना गिरणीत कापड लांबीच्या दिशेने ओढलं जातं. पिकेमधले टक फासांना आडवे पसरवत असतात, त्यामुळे या कापडाचा ओढा मुळातच रुंद आणि आखूड होण्याकडे असतो. पाणी लागलं की ताण सुटतो. मग टी-शर्ट छातीत तसाच राहतो किंवा थोडा रुंद होतो आणि खाली पट्ट्यापाशी येऊन थांबतो. हात वर केला की पोट दिसतं. 'आकसणार असेल तर एक साइज मोठा शिवा' हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी. त्याने खांदे उतरतात, बगल लोंबते, आणि लांबी पुन्हा कमी पडते ती पडतेच.

तळहाताएवढा नमुना घेऊन काही कळत नाही. पूर्ण पन्ह्याचं पाऊण मीटर कापड विकत घ्या. रोलमधून निघालेलं कापड ताणलेलं असतं, म्हणून एक रात्र टेबलावर मोकळं पसरून ठेवा. मग कडेपासून वीतभर आत ५० बाय ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा. पेनची रेघ पुसली जाते, त्यापेक्षा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके घाला. व्हीच्या ओळींच्या दिशेने एक बाण काढा, नाहीतर धुतल्यावर लांबी कुठली आणि रुंदी कुठली यावर वाद होणार.

धुवायचं कसं? ज्याला टी-शर्ट घालायचा आहे त्याच्याकडे धुतात तसं. घरच्या मशीनमध्ये जाणार असेल तर घरच्या मशीनमध्ये. हॉटेलच्या लाँड्रीत गरम ड्रायर असेल तर नमुनाही त्याच ड्रायरमध्ये गेला पाहिजे. फिरत्या गरम ड्रायरमध्ये कापड सर्वांत जास्त आकसतं. हॉटेलवाल्यांना हा प्रश्न विचारल्याशिवाय मी भाव सांगत नाही.

आणि आता फसवी जागा. ओला नमुना दोरीवर टांगू नका. ओलं होजिअरी कापड जड असतं, स्वतःच्या भाराने लांब ओढलं जातं आणि तसंच वाळतं. मोजलं की ४९.५ भरतं, सगळे खूश. तेच कापड सपाट वाळवलं असतं तर ४७ भरलं असतं, आणि ग्राहकाच्या ड्रायरमध्ये त्याहूनही कमी भरणार असतं. टेबलावर किंवा खाटेवर सपाट पसरा, हाताने ओढून सरळ करू नका, पावसाळा असेल तर पंखा लावा. इस्त्री करायची नाही, इस्त्रीने कापड पुन्हा ताणलं जातं. असं तीनदा धुवा. पहिल्या धुलाईत सर्वांत जास्त आकसतं, पण उरलेलं पुढच्या दोन धुलाईंत निघतं. 'एकदा धुतलं, काही झालं नाही' याला चाचणी म्हणत नाहीत.

५० चे ४७ झाले तर सहा टक्के. ७२ सेंटीमीटर लांबीचा टी-शर्ट सव्वाचार सेंटीमीटरने तोकडा होणार. लांबीत पाच टक्क्यांच्या वर गेलेलं कापड मी परत करतो, रंग कितीही सुंदर असो. त्याच्या आतलं असेल तर तेवढी लांबी पॅटर्नमध्ये, म्हणजे कापड कापायच्या साच्यात, वाढवून घ्या, फक्त लांबीच.

याच नमुन्यात पीळही तपासून घ्या. गोल मशीनवर विणलेल्या कापडात धाग्याच्या पिळामुळे फासांच्या ओळी तिरक्या होतात, आणि धुतल्यावर बाजूची शिवण पोटावर यायला लागते. उरलेल्या कापडाची उशीच्या अभ्र्यासारखी नळी शिवून तीही धुवा. अर्ध्या मीटरमध्ये शिवण अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर ते कापड नको.

दुकानदार म्हणेल, 'बायोवॉश केलेलं आहे, आकसणार नाही.' बायोवॉशमध्ये एन्झाइमने कापडावरची लव काढतात. त्याचा आकसण्याशी संबंध नाही. संबंध असतो तो कॉम्पॅक्टिंगचा, ज्यात मशीन फासांना लांबीच्या दिशेने परत दाबून बसवतं. ते नीट केलेलं कापड खरंच टिकतं, पण ते नीट झालंय की नाही हे शब्दावर कळत नाही. शिवाय प्रत्येक रंग वेगळ्या घाण्यात रंगतो, म्हणून निळा पास झाला तर पांढराही झाला असं धरू नका. कापड तमिळनाडूतल्या तिरुपूरहून मागवा की म्हापशाच्या बाजारातून घ्या, प्रत्येक लॉट धुवायचाच.

उरलेलं

रंग निघतो का ते कळायला ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासून बघा. कॉलर वेगळ्या मशीनवर विणून तयार येते आणि वेगळी आकसते, म्हणून ती नमुन्यासोबतच धुवा. नाहीतर गळा चुणतो.

या कापडावर छपाईपेक्षा भरतकाम बरं. शाई खळग्यांत नीट बसत नाही आणि मोठा भरीव लोगो ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. भरतकाम करताना खाली कागद आणि वर विरघळणारी पातळ फिल्म लावायला सांगा, म्हणजे टाके नक्षीत बुडत नाहीत. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं मात्र तरीही वाचता येत नाहीत. मंडळाचं नाव, गाव, वाडा आणि स्थापनेचं साल हे सगळं खिशाएवढ्या जागेत हवं असेल तर सालावर काट मारा.