परदेशात स्टँडअप करताय? या चुका टाळा

मंडळाच्या गणपतीत टाळ्या घेतलेला विनोदांचा सेट तुम्ही अमेरिकेत जर्सी सिटीच्या एका बारमधल्या ओपन माइकला (जिथे कुणीही नाव देऊन काही मिनिटं स्टेजवर चढू शकतं) नेता आणि समोर स्मशानशांतता! ‘गोऱ्यांना कळतच नाही’ म्हणून हात झटकू नका. मंडळात अर्धा विनोद प्रेक्षक घरूनच घेऊन येतात, बारमध्ये तो सगळा तुम्हालाच न्यावा लागतो. माझ्या एका किश्शात ‘मोरी’ होती. ती समजावण्यात पाच मिनिटांतलं दीड मिनिट गेलं आणि वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. आता एवढंच सांगतो, की आईला अंघोळीला बाथटब दाखवला, तर तिने त्यात बादली, तांब्या आणि पाट मांडला.

नुसत्या ॲक्सेंटवर सेट रेटणं, ही तर घरोघरची चूक. ‘पण रसेल पीटर्स करतोच की!’ करतो. भारतीय वंशाच्या या कॅनेडियन कॉमेडियनच्या २००४ च्या कार्यक्रमाच्या क्लिप यूट्यूबवर जगभर फिरल्या, ॲक्सेंटसकट. पण त्यातला बाप नीट ऐका. कुणाला तरी जबर मार बसणार, एवढं तो जाहीर करतो. कुणाला, ते पोरांनी ओळखायचं. हा बाप साताऱ्यातही सापडेल. तुमचा जोक एकदा सपाट आवाजात म्हणून बघा. काहीच उरलं नाही, तर कापा.

हशा आला म्हणजे सेट लागला, असंही नाही. अमेरिकेतला कृष्णवर्णीय कॉमेडियन डेव्ह शपेल २००५ मध्ये आपला गाजणारा शो अर्धवट टाकून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. वंशावरच्या एका स्किटच्या शूटिंगच्या वेळी तिथला एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते त्याला खुपलं होतं. असं झालं तर बाजू उलटवून पाहा. बीबीसीच्या ‘गुडनेस ग्रेशस मी’ या विनोदी मालिकेत मुंबईकरांचं टोळकं पिऊन इंग्लिश जेवायला जातं, वेटरच्या नावाची वाट लावतं आणि मेन्यूतला सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागवतं. ब्रिटनमधल्या करी हाउसमध्ये, म्हणजे भारतीय जेवणाच्या हॉटेलांत, गोरे गिऱ्हाईक रोज करतात तोच प्रकार, फक्त खुर्च्या बदललेल्या.

आणि दुःख फुगवू नका. भारतीय वंशाचा अमेरिकन कॉमेडियन हसन मिन्हाज याने स्टेजवर सांगितलेले वंशभेदाचे काही प्रसंग तसे घडलेच नव्हते, हे २०२३ मध्ये बाहेर आलं आणि त्याला खुलासे देत बसावं लागलं. दोन मावश्यांची एक मावशी केली तर कुणी विचारणार नाही. न झालेला अपमान सांगितलात, तर खरा झालेलाही लोक तपासायला घेतील.