दुसऱ्याच्या फोटोवर मत कसं द्यायचं
नुसतं 'मस्त', 'भारी' म्हणून सोडून देऊ नका, त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. आधी फोटो मोठा करून अर्धा मिनिट शांतपणे बघा, नजर पहिल्यांदा कुठे जाते, कुठे अडकते, आणि तेच सांगा, कारण काढणाऱ्याला ते दिसत नसतं, त्याला तो क्षणच आठवत असतो. काय दाखवायचं होतं तेही विचारा.

चूक सांगितली की उपाय पण सांगा. समजा पळणारं पोरगं अस्पष्ट आलंय आणि शटर १/६० आहे, म्हणजे ते सेकंदाचा साठावा भाग उघडं होतं, तर 'ब्लर झालाय' एवढंच नको, 'मागची भिंत शार्प आहे म्हणजे तुझा हात हलला नाही, पोरगं हललं, पुढच्या वेळी १/५०० ठेव, उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढव, थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, चालतो' असं सांगा. क्षितिज तिरकं असेल तर क्रॉप करताना सरळ होतं, त्यावर भाषण नको. पण आकाश पार पांढरंफटक झालं असेल तर ते डिटेल नंतर परत येत नाही, हे जरूर सांगा.

एका वेळी दोनच मुद्दे घ्या, दहा काढले तर नवखा माणूस कॅमेरा कपाटात ठेवून देतो. आणि न विचारता त्याचा फोटो एडिट करून दाखवणं मला तरी अजिबात पटत नाही.