गाडीला पीपीएफ: कुठे लावायची, कोणती घ्यायची आणि एक तुकडा घरी कसा बसवायचा

नव्या गाडीला हार-नारळ व्हायच्या आधीच शोरूममधल्या टेबलावर एक कागद पुढे सरकतो. टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ, आणि समोर आकडे. आनंदाच्या भरात माणूस एकावर खूण करतो. आपण नेमकं काय विकत घेतलं, हे त्याला दोन वर्षांनी बॉनेटवर पांढरे ठिपके मोजताना कळतं.

टेफ्लॉन म्हणजे पॉलिशचाच भाऊ, काही महिन्यांचा पाहुणा. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं. त्यावरून पाणी घरंगळतं, गाडी धुवायला सोपी जाते, पण त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उडून आलेल्या खड्यापुढे तो काय करणार? पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ही मात्र रंगावर चिकटवायची पारदर्शक जाड कातडी आहे. कंपनीतून येणाऱ्या गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, तर चांगली पीपीएफ १५० ते २०० मायक्रॉनची असते. म्हणजे मूळ रंगापेक्षा जाड चिलखत. खड्याची धडक ते स्वतःवर घेतं. ही कल्पनाही मुळात गाड्यांची नव्हे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून पॉलियुरेथेनची अशी पट्टी वापरली गेली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि मग आपल्या बंपरवर आली.

आधी गाडीभोवती एक फेरी मारा

तुमच्या सध्याच्या किंवा आधीच्या गाडीला मार कुठे बसलाय ते बोट लावून बघा. द्रुतगती मार्गावर, खडीच्या डंपरमागे रोजची ये-जा असेल तर पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांची पाठ आणि हेडलाइट खरचटलेले दिसतील. गाव उसाच्या पट्ट्यात असेल, तर हंगामात समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली की गाडी कडेच्या बाभळीत घालावी लागते. मग ओरखडे दरवाज्यांवर असतात. सोसायटीतल्या गाडीचं दुखणं निराळं: दरवाज्याच्या कडा, बंपरचे कोपरे, आणि हँडलमागच्या खोलगट वाटीत नखांनी-अंगठ्यांनी काढलेली नक्षी.

उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसत असतील, तर तो रस्त्याचा दोष नाही. पहाटे एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, त्याची ती सही आहे. फडक्यातली धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. लाखाची फिल्म घ्यायच्या आधी गाडी पुसणाऱ्या दादांना दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी आणून द्या आणि कोरडं पुसू नका म्हणून सांगा.

या फेरीतून तुमची यादी तयार होते. माझं मत विचाराल तर बहुतेकांना पूर्ण गाडी झाकायची गरज नसते. पुढचा भाग, दरवाज्याच्या वाट्या आणि कडा, डिकी उघडताना सामान घासतं ती मागच्या बंपरची वरची पट्टी, एवढ्यात बरंचसं काम भागतं. गाडी महागड्या गडद रंगाची असेल आणि सात-आठ वर्षं ठेवायची असेल, तर पूर्ण गाडीचा विचार करा.

फिल्म ओळखायची कशी

दुकानात तीन शब्द कानावर पडतील: टीपीयू, टीपीएच, पीव्हीसी. तुम्हाला हवी ती टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. टीपीएच हा बहुतेक वेळा पीव्हीसीचाच मऊ केलेला अवतार असतो. तो स्वस्त पडतो, सुरुवातीला चमकतोही, पण ऊन खाऊन कडक होतो, पिवळा पडतो आणि काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघतो. टीपीयूमध्येही ‘अ‍ॅलिफॅटिक’ प्रकार मागा. ‘अ‍ॅरोमॅटिक’ प्रकार उन्हात पिवळा पडतो. पांढऱ्या गाडीवर हा फरक लपत नाही.

दुकानदाराकडून हातभर तुकडा मागून घ्या. नाही म्हणाला तर उठा. तुकडा हळूच ताणून सोडा. टीपीयू सावकाश मूळ आकाराकडे परततो, पीव्हीसी ताणलेलाच राहतो आणि त्याला रेक्झिनसारखा उग्र वास येतो. मग तुकडा चिकटवून त्यावर पितळी तारेच्या ब्रशने हलके ओरखडे काढा आणि गरम पाणी ओता. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरातले ओरखडे डोळ्यांदेखत विरघळतात. यालाच ‘सेल्फ हीलिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम फुकटात होतं. मात्र किल्लीने खोल चिरलेली फिल्म भरून येत नाही. कुणी तसं सांगत असेल तर तो फिल्म विकत नाहीये, स्वप्नं विकतोय.

परदेशी म्हणजे चांगली आणि देशी म्हणजे कामचलाऊ, हे गणित इथे चालत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला गरवारे हाय-टेक फिल्म्सच्या कारखान्यात पीपीएफ तयार होते आणि ती परदेशातही जाते. नाव कोणतंही असो, तुमच्यासमोर खोका उघडायला लावा. खोक्यावरचा रोल क्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक जुळला पाहिजे, आणि वॉरंटी तुमच्या गाडीच्या नंबरवर ऑनलाइन नोंदलेली दिसली पाहिजे. वॉरंटीत पिवळेपणा, तडे आणि सुटणं येतं, ओरखडे आणि अपघात येत नाहीत.

साधारण १५ मीटरचा, दीड मीटर रुंदीचा एक रोल मध्यम गाडीला लागतो. खऱ्या टीपीयूने पूर्ण गाडी करायची तर आकडा लाखाच्या आसपास किंवा वर जातो. पंचवीस-तीस हजारांत ‘फुल बॉडी टीपीयू’ म्हणत असतील तर पहिला तुकडा पुन्हा ताणून बघा.

बसवणारा हात

फिल्मपेक्षा हात महत्त्वाचा. तीन गोष्टी विचारा. पहिली, कापणी कशी करता? प्लॉटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर, गाडीच्या मापाने कापलेले तुकडे असतील तर उत्तम. फिल्म गाडीवर पसरून तिथेच ब्लेड फिरवणाऱ्याचा हात कसलेला नसेल, तर रंगावर बारीक चिरा राहतात आणि त्या फिल्म काढल्यावरच दिसतात. दुसरी, कडा आत दुमडता की काठावर सोडता? दुमडलेली कड धूळ धरत नाही आणि सहसा सुटत नाही. तिसरी, खोली बंद आहे का? मांडवाखाली, रस्त्याच्या धुळीत बसवलेल्या फिल्मखाली कणांची रांगोळी दिसते. याशिवाय किती दिवस लागतील तेही विचारा. पूर्ण गाडी संध्याकाळपर्यंत देतो म्हणणाऱ्यापेक्षा तीन-चार दिवस ठेवा म्हणणारा बरा.

बंपर पुन्हा रंगवलेला असेल तर आधीच सांगा. ताज्या गॅरेज-रंगातून द्रावक सुटत असतात. किमान महिनाभर थांबावं. एवढं करूनही कच्च्या रंगावरून फिल्म पुढे काढताना रंग सोबत येऊ शकतो. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग मात्र पहिल्या दिवसापासून चालतो, आणि फिल्म लावायला नव्या गाडीइतकी चांगली गाडी नाही, कारण खाली झाकायला ओरखडेच नसतात. रंगीत फिल्मने गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरटीओत आरसीवरची नोंदही बदलावी लागते. पारदर्शक फिल्मला ती भानगड नाही.

एक तुकडा स्वतः बसवून बघा

बॉनेट घरी करायला जाऊ नका. मागच्या बंपरची वरची पट्टी घ्या. ती जवळजवळ सपाट असते आणि बिघडली तरी नुकसान थोडं. हँडलमागची वाटी दिसते लहान, पण फसवी असते. तिथे फिल्मला चहूबाजूंनी सुरकुत्या येतात, म्हणून ती दुसऱ्या खेपेला.

मी पहिला तुकडा मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर लावला होता. पत्रा तापलेला, वारा सुटलेला. फवारा मारेपर्यंत पाणी वाळायचं आणि गोंद जिथे टेकला तिथे घट्ट. तो तुकडा कचऱ्यात गेला. तेव्हा सावलीतली, वारा नसलेली जागा शोधा, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे, आणि पंखा बंद ठेवा.

दोन फवारे भरून घ्या. एकात १ लिटर पाणी आणि बेबी शाम्पूचे काही थेंब, हे सरकवण्यासाठी. दुसऱ्यात ४ भाग पाणी आणि १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, हे चिकटवण्यासाठी. पाणी बोअरचं नको, क्षाराचे डाग फिल्मखाली कायमचे राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी सगळ्यात निश्चिंत.

पट्टी शाम्पूने धुवा, मग ओल्या पृष्ठभागावर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवा. धुतल्यावर स्वच्छ वाटणारा रंगही बोटांना खरखरीत लागतो. ही खरखर जाईपर्यंत फिरवत राहा, कारण फिल्मखाली अडकलेला प्रत्येक कण भिंगाखाली ठेवल्यासारखा दिसतो. शेवटी अल्कोहोलच्या पाण्याने पुसून मेण-पॉलिशचा अंश काढा.

कागदाने माप घेऊन फिल्म टेबलावरच कापा, कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आतच राहा. आता हात ओले करा, बंपर ओला करा, मागचा कागद सोलता सोलता गोंदाच्या बाजूवरही शाम्पूचं पाणी भरपूर मारा. इथे कंजूषपणा करू नका. फिल्म टेकवा, सरकवून जागेवर आणा, वरूनही ओली करा.

मग मऊ रबरी स्क्वीजी (पाणी ओढून काढायची पट्टी) मधून सुरू करून कडेकडे, एकावर एक चढणाऱ्या पट्ट्यांत ओढा. कड धरत नसेल तर तिथे थोडी उचलून अल्कोहोलचं पाणी मारा, अर्धा मिनिट थांबा आणि दाबा. वळणावर हीट गन किंवा केस वाळवायचा ड्रायर लांबून, हलता ठेवा. ऊब पुरे, भाजायचं नाही. हवेचा फुगा लगेच बाहेर काढा. पाण्याचे बारीक ठिपके आणि किंचित दुधी झाक मात्र राहू द्या, ती आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप सुकते. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. सुईने टोचायचा मोह आवरा.

नंतर

पहिले दोन दिवस गाडी कोरडी ठेवा, आठवडाभर धुवू नका. पुढे प्रेशर वॉशरची धार फिल्मच्या कडेवर सरळ रोखू नका, हातभर लांबून तिरकी मारा. कबुतराची विष्ठा आणि आंब्याखाली गाडी लावल्यावर पडणारा चीक त्याच दिवशी ओल्या फडक्याने फुगवून काढा. फिल्म रंगाला वाचवते, पण डाग तिच्यावरही बसतात. कड कुठे उचललेली दिसली तर नखाने खेळू नका. ऊब देऊन दाबा, नाही बसली तर दुकानात न्या.

काही वर्षांनी फिल्म पिवळट किंवा खरबरीत झाली की ती काढायचीच, ठेवण्यात शहाणपणा नाही. उन्हात तापू द्या किंवा ड्रायरने कोमट करा, एक कोपरा उचला, आणि वर खेचण्याऐवजी पत्र्याला जवळजवळ लागून, मागच्या मागे, सावकाश ओढा. गोंदाचे ठिपके राहिले तर अल्कोहोल आणि मऊ फडकं पुरतं. थिनर नको.