टीआरएनएची गुंतागुंतीची रचना चित्रात कशी दाखवावी

सरावाला यीस्टचा फिनाइलअ‍ॅलॅनिन टीआरएनए (प्रथिने बनवताना अमिनो आम्ल आणून देणारा एल आकाराचा आरएनए) घ्या. प्रोटीन डेटा बँकेतला (रेणूंच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह) संकेत १ईएचझेड, ७६ न्यूक्लिओटाइड (साखळीचे घटक), विभेदन म्हणजे रचनेची बारकाई १.९३ अँगस्ट्रॉम. या फाइलमधले क्रमांक टीआरएनएच्या प्रमाणित क्रमांकांशी जुळतात, त्यामुळे पुढची सगळी कामे सोपी होतात.

आधी कोणता बेस कोणाशी जुळतो, त्या जोड्यांची यादी हवी. त्रिमितीय फाइल हाताशी असताना नुसता क्रम आरएनएफोल्ड या घडीचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रामला देऊ नका. तो ऊर्जेवरून अंदाज बांधतो, स्यूडोनॉट (एकमेकींना छेदणाऱ्या जोड्या) धरत नाही आणि साध्या क्रमातून बदललेले बेस त्याला कळत नाहीत. फाइल डीएसएसआर या प्रोग्रामला द्या. ते अणूंच्या प्रत्यक्ष जागांवरून जोड्या ओळखते आणि टिंब-कंसांची ओळ देते (टिंब म्हणजे सुटा बेस, कंसांची जोडी म्हणजे जुळलेले बेस). त्या ओळीत जी-१९ व सी-५६ (अक्षर बेसचे, आकडा साखळीतल्या क्रमांकाचा) ही जोडी चौकोनी कंसात दिसेल. डी-लूप आणि टी-लूप हे साखळीचे दोन फास एकमेकांना धरतात ते इथेच, एलच्या कोपऱ्यात, म्हणून हे कंस पुसू नका. फोर्ना या आकृती काढणाऱ्या वेबसाधनात ही ओळ टाकली की द्विमितीय आकृती मिळते.

आता चार स्टेमांचे (जुळलेल्या बेसांचे सरळ भाग) रंग ठरवा: स्वीकारक स्टेम १–७ व ६६–७२, डी १०–१३ व २२–२५, अँटिकोडॉन २७–३१ व ३९–४३, टी ४९–५३ व ६१–६५. हेच चार रंग पायमॉल या त्रिमितीय चित्र काढणाऱ्या प्रोग्राममध्येही वापरा, म्हणजे वाचकाला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून वाचता येतात. लाल-हिरवी जोडी टाळा.

पायमॉलमध्ये सर्वाधिक फसगत होते ती साफसफाईत. पाणी काढायला बरेच जण ‘रिमूव्ह हेटॅटम’ देतात. पण स्यूडोयुरिडीन, डायहायड्रोयुरिडीन यांसारखे बदललेले बेसही या फाइलमध्ये हेटॅटम (नेहमीच्या घटकांत न बसणारे अणू) म्हणूनच नोंदलेले आहेत. तेही उडतात, साखळी तुटते आणि नेमका कोपरा रिकामा पडतो. त्याऐवजी ‘रिमूव्ह सॉल्व्हेंट’ द्या; त्याने फक्त पाणी जाते. मॅग्नेशियम राहू द्या. आरएनएची घडी टिकवण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

मग कार्टून (साखळी फितीसारखी दाखवणारे रूप) दाखवून ‘कार्टून रिंग मोड’ ३ करा. बेसांची कडी भरीव होतात. जी-१९–सी-५६, जी-१५–सी-४८ आणि यू-८–ए-१४ या जोड्या तेवढ्या काड्यांच्या रूपात दाखवा. सगळ्याच दाखवल्या तर कोपऱ्यात काहीच ओळखू येत नाही.

रेणू नीट समोर आणणारी ‘ओरिएंट’ आज्ञा दिल्यावर एल आकाराचे दोन्ही हात कागदाच्या पातळीत आहेत ना, ते तपासा. अँटिकोडॉनपासून (एका हाताचे टोक) सीसीए टोकापर्यंत (दुसऱ्या हाताचे, अमिनो आम्ल जोडले जाते ते टोक) सुमारे ७५ अँगस्ट्रॉम अंतर आहे. चित्रात ते फारच आखूड दिसत असेल तर एक हात तुमच्याकडे वळलेला आहे. कोन पटला की ‘गेट व्ह्यू’चे (कोनाची नोंद देणारी आज्ञा) आकडे जपून ठेवा, पार्श्वभूमी पांढरी करा, सावल्या बंद करा आणि २४०० पिक्सेल रुंदीने ‘रे’ आज्ञेने अंतिम चित्र काढा. ३०० डीपीआयला (इंचात ३०० ठिपके) ती रुंदी ८ इंच भरते.