समूह प्रदर्शनात चित्रं लावताना

पुण्यातलं बालगंधर्व कलादालन असो की घोले रोडचं राजा रवी वर्मा कलादालन, मांडणीसाठी हातात असतात मोजके तास. आठ-दहा जणांची चित्रं, एखाद-दुसरी शिडी आणि एकच टेप. ज्याची चित्रं घरूनच टांगायला तयार होऊन येतात, त्याचं काम तासाभरात उरकतं. बाकीचे हातोडी शोधत बसतात.

जागा आधीच वाटून घ्या, तीही चित्रांच्या संख्येवर नाही, भिंतीच्या फुटांवर. दहा फूट भिंतीवर दोन फूट रुंदीची तीन चित्रं नीट बसतात: सहा फूट चित्रं, आणि मधल्या व कडेच्या मिळून चार मोकळ्या जागा एकेक फुटाच्या. चौथं घुसवलं की सगळीच गुदमरतात. मापं फ्रेमसकट कळवायची. दोन इंची पट्टीची फ्रेम एका चित्रामागे चार इंच खाते, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात.

जलरंगाला काच लावणार असाल तर मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. पुण्याच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, फुगून काचेला चिकटतो आणि मग बुरशीचे ठिपके येतात. कागद मागच्या पुठ्ठ्याला सगळीकडून डिंकाने चिकटवू नये, सुरकुत्या पडतात. फक्त वरच्या कडेला कागदी टेपच्या दोन पट्ट्या पुरतात. सेलोटेप नकोच, पिवळी पडून डाग सोडते.

फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक-तृतीयांश अंतरावर डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराची कडी) लावून तार ओढा. तार वर ताणली की तिचा मध्य फ्रेमच्या वरच्या कडेखाली दोन-तीन इंच राहिला पाहिजे, नाहीतर खिळा डोकावतो.

उंचीचं गणित सोपं आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर ठेवा. त्यात फ्रेमची निम्मी उंची मिळवा आणि तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करा. फ्रेम 24 इंच उंच आणि तार 3 इंच खाली असेल तर 58 अधिक 12 वजा 3, म्हणजे खिळा 67 इंचांवर. वेगवेगळ्या मापांची चित्रं मध्यरेषेवरच जुळवा. वरच्या कडा एका ओळीत आणल्या की शाळेच्या चित्रकला स्पर्धेचा फलक दिसतो.

भिंतीला खिळा मारू देतात का, हे आरक्षण करतानाच विचारा. भिंतीच्या वरच्या पट्टीवरून नायलॉनच्या दोरीने टांगायचं असेल तर प्रत्येक चित्राला दोन दोऱ्या घ्या. एकीवर ते तिरकं होतं. वजनाने नायलॉन ताणतो, गाठही सरकते, म्हणून जड फ्रेम आदल्या संध्याकाळी लावून सकाळी पुन्हा लेव्हल बघावी.

हे सगळं करण्याआधी चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवरच मांडून पाहा. भडक मोठ्या कॅनव्हासशेजारी पेन्सिलची नाजूक रेखाटनं गेली तर ती कुणी बघत नाही. काचेमागचं गडद चित्र दाराच्या किंवा खिडकीच्या समोर नको. त्यात चित्रापेक्षा रस्ताच जास्त दिसतो.

ने-आण करताना कॅनव्हासवर आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. मे महिन्याच्या उन्हात ॲक्रिलिक मऊ पडतं आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. टेम्पोत चित्रं उभी ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मधे पुठ्ठा. गणपतीच्या दिवसांत पेठांमधून सामान यायचं असेल तर भल्या पहाटेच निघा.

चिठ्ठीवर नाव, माध्यम, उंची गुणिले रुंदी, वर्ष आणि किंमत लिहा. किंमत फ्रेमसकट की नुसत्या चित्राची, आणि विक्रीतला किती हिस्सा सामायिक खर्चाला जाणार, हे सगळ्यांनी कागदावर ठरवून सह्या करा. तोंडी ठरलेलं पहिल्या विक्रीपर्यंतच टिकतं. गिऱ्हाईक पक्कं झालं की निम्मी रक्कम आगाऊ घेऊन चिठ्ठीवर लाल टिकली लावायची. चित्र मात्र शेवटच्या संध्याकाळीच, उरलेले पैसे जमा झाल्यावर द्यायचं. मधेच भिंतीवरून उतरवलं तर शेजाऱ्याची मांडणीही बिघडते.