ख्रिसमस कॅक्टस: सावलीतला निवडुंग

नावात कॅक्टस आहे म्हणून ही कुंडी गच्चीवर इतर निवडुंगांच्या रांगेत ठेवली, तर जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तिचं भरीत होतं. हे झाड मूळचं आग्नेय ब्राझीलच्या डोंगराळ जंगलातलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, साचलेल्या पालापाचोळ्यात वाढतं. त्यामुळे त्याला सावली हवी, दमट हवा हवी आणि मुळांशी वारा खेळायला हवा.

आपली काळी माती इथे कामाची नाही. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 2 भाग, गांडूळखत 1 भाग, जाड वाळू 1 भाग एवढं पुरे. कुंडी मातीची, 5 इंची. मुळं जरा दाटलेलीच बरी, फुलं चांगली येतात.

नवं रोप करायचं तर 2-3 पेरांचा (म्हणजे पानांसारख्या दिसणाऱ्या, एकाला एक जोडलेल्या चपट्या भागांचा) तुकडा हलकेच पिळून तोडा, दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि खालचं पेर अर्धं मिश्रणात खोचा. लगेच लावला तर ओल्या जखमेतून कुजतो.

वरचा इंचभर थर कोरडा झाला की पाणी द्या, ताटलीत साचलेलं ओतून टाका. पेरं सुरकुतली म्हणून घाईने पाणी ओतू नका, आधी बोट खुपसून पाहा. मिश्रण ओलं असूनही पेरं लोळत असतील तर मुळं गेलीत. वरचे निरोगी तुकडे काढून नव्याने लावा. पेरं लालसर झाली तर ऊन जास्त होतंय. मार्च ते जून कुंडी घरात, उत्तरेच्या खिडकीशी ठेवा, पण कूलरच्या झोतात नको.

खरी गंमत फुलांची. कळ्या धरायला सलग सहा आठवडे रोज 13-14 तासांचा अंधार आणि थंडावलेल्या रात्री लागतात. ऑक्टोबरपासून रात्र मोठी होते खरी, पण नेमका तेव्हाच गॅलरीत आकाशकंदील लागतो, आणि झाडाला रात्र झाल्याचं कळतच नाही. म्हणून संध्याकाळी 6 ते सकाळी 8 कुंडीवर खोकं पालथं घाला. रात्री उकडत असेल तर कळ्या उशिरा येतात. थंडी पडेपर्यंत खोकं चालू ठेवा. कळ्या दिसल्या की ते काढा, आणि मग कुंडी हलवू नका. जागा, उजेड किंवा पाणी एकदम बदललं की कळ्या टपाटप गळतात.