गालिचा धुण्याच्या गाडीवर पेट्रोल इंजिन कोणते बसवावे? खान्देशातल्या उन्हाचा आणि फुफाट्याचा हिशेब

मंगल कार्यालयांच्या गालिच्यांचे काम खान्देशात येते ते ऐन लग्नसराईत, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकलेला असतो तेव्हा. छोट्या हत्तीवर किंवा पिकअपवर मशीन बसवून गावोगाव जाणाऱ्याने इंजिन घेताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा. थंडीत कोणतेही इंजिन चालते.

आधी ब्लोअर ठरवा, मग इंजिन

या मशीनमध्ये इंजिन ब्लोअर फिरवून गालिच्यातले मळके पाणी ओढते, पंपाने स्वच्छ पाणी दाबाने सोडते, आणि त्याच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी गरमही होते. सगळ्यात जास्त ताकद खातो तो ब्लोअर. त्यामुळे दुकानात जाऊन ‘किती एचपीचे आहे’ असे विचारण्याआधी कागद-पेन घ्या.

समजा ब्लोअर मिनिटाला ७ घनमीटर हवा ४० किलोपास्कल व्हॅक्यूमवर ओढतो. ७ गुणिले ४०, भागिले ६० म्हणजे साधारण ४.७ किलोवॅट. पण ब्लोअरमध्ये गळती आणि घर्षण असते, म्हणून प्रत्यक्षात साडेसात किलोवॅट धरा. पंप मिनिटाला १२ लिटर पाणी ३५ बार दाबाने देत असेल तर १२ गुणिले ३५ भागिले ६००, म्हणजे ०.७ किलोवॅट, नुकसान धरून ०.८. एकूण सव्वाआठच्या आसपास, म्हणजे ११ एचपी.

इथेच पुष्कळजण थांबतात आणि १२-१३ एचपीचे इंजिन घेऊन येतात. ते पुरत नाही. छोटे इंजिन तासन्‌तास चालवायचे तर कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांपुढे ताणू नये. शिवाय २५ अंशांच्या वर दर साडेपाच अंशांना सुमारे एक टक्का ताकद घटते आणि दर ३०० मीटर उंचीला साडेतीन टक्के. जळगाव-धुळे दोन-अडीचशे मीटरवर असल्याने उंचीचा फटका किरकोळ आहे, पण ऊन धरून एकूण सहा टक्के जातातच. इंजिनची ताकद ब्लोअरकडे नेणाऱ्या पट्ट्याचे थोडे नुकसान मिळवले की आकडा साडेचौदा एचपीवर जातो. मी तरी अशा जोडणीला १८ ते २२ एचपीचे दोन सिलिंडरचे इंजिन सुचवेन. तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी नेहमीचे काम असेल, तर आणखी वाढवा.

उदाहरणासाठी, होंडाचे जीएक्स३९० हे एका सिलिंडरचे ३८९ सीसीचे इंजिन ११.७ एचपी देते. ते छोट्या मशीनला ठीक आहे, वरच्या हिशेबात बसत नाही. त्याच कंपनीचे दोन सिलिंडरचे जीएक्स६९० २२.१ एचपी देते आणि बसते. हे आकडे मिनिटाला ३६०० फेऱ्यांचे आहेत. तुमचे मशीन २८०० फेऱ्यांवर चालणार असेल, तर माहितीपत्रकातल्या आलेखावर २८००च्या रेषेवरची ताकद पाहा. ‘ग्रॉस’ (नुसत्या इंजिनची) आणि ‘नेट’ (फिल्टर, सायलेन्सर वगैरे जोडून प्रत्यक्ष मिळणारी) ताकद यांतला फरकही विचारून घ्या. खरेदीचा निर्णय नेटवर घ्यावा.

हवा, धूळ आणि रुई

छोटी इंजिने बहुतेक हवेने थंड होतात. त्यांच्या सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पंखांच्या (फिन्सच्या) फटीत काळ्या मातीचा फुफाटा आणि जिनिंगच्या परिसरातली रुई अडकली की इंजिन तापते आणि तेल जळू लागते. म्हणून घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: बाहेर फोम आणि आत कागद असा दुहेरी एअर फिल्टर, आणि पंख्याच्या तोंडावरची जाळी हाताने साफ करता येते का. कामाच्या हंगामात ती जाळी रोज झटकावी. भर उन्हात बंदिस्त व्हॅनमध्ये चालवायचे असेल, तर पाण्याने थंड होणारे इंजिन महाग असले तरी विचारात घ्या.

पेट्रोल

आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांचीच मर्यादा लिहिलेली असते. हा प्रश्न विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या, कारण वॉरंटीचा वाद इथेच उभा राहतो. पावसाळ्यात मशीन उभे राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. इथेनॉल ओल धरते.

गाडीत बसवताना

पाण्याचे वजन विसरू नका: ३०० लिटरची टाकी भरली की तीन क्विंटल झाले, वर मशीन आणि दोन माणसे. मग इंजिनचे वजन पाच-दहा किलो इकडेतिकडे असल्याने फारसे बिघडत नाही. गाडीत कायमचा बदल करत असाल तर आधी आरटीओत चौकशी करा.

धुराचा पाइप गाडीबाहेर, माणसे बसतात त्याच्या उलट दिशेला काढा. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. मंगल कार्यालयाच्या शेडखाली किंवा खिडकीजवळ गाडी लावून इंजिन सुरू करू नका, कितीही घाई असली तरी.

पैसे देण्याआधी

तेलाची पातळी घटल्यावर आपोआप बंद पडण्याची सोय आणि तास मोजणारे मीटर हवेच. नव्या इंजिनचे तेल साधारण पहिल्या २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी बदलावे लागते. मीटर नसेल तर हे अंदाजावर राहते. फिल्टर, प्लग आणि गॅस्केट जळगाव किंवा धुळ्यात कोणाकडे मिळतात, हे स्वतः दुकानात जाऊन पाहा. ऐन हंगामात पुण्याहून पार्सल येण्याची वाट पाहणे परवडत नाही.

शेवटी चाचणी मागा, तीही दुपारी बाराच्या उन्हात. ब्लोअर आणि पंप पूर्ण लोडवर तासभर चालवून फेऱ्या मोजा. काम करताना फेऱ्या ठरवल्यापेक्षा सतत खाली राहत असतील, तर ते इंजिन तुमच्या मशीनला लहान आहे; त्याच दिवशी वरचा आकार मागा.